चौदाव्या शनिवारी मोडलेला उपास

बालाजीवर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे, तरी त्या वर्षी मी त्याच्यावर रुसले होते, हे आधी कबूल करते. माहेर मेहकरचं. वडिलांचं बोट धरून शनिवारी देवळात जायचं, मान वर करून त्या उंच काळ्या मूर्तीकडे बघत राहायचं, आणि कुणीतरी आपल्याकडेही बघतंय असं वाटून घरी यायचं. लग्न होऊन बुलढाण्याला आले, एसटीत कंडक्टर म्हणून लागले, दोन लेकरं झाली, तरी ते वाटणं गेलं नव्हतं. ते जायला लागलं अर्धशिशीमुळे.

ज्यांना हा त्रास नाही त्यांना तो सांगून कळत नाही. माझ्या डोळ्यांपुढे आधी एक चमकती रेघ यायची, विळ्याच्या दात्यांसारखी वाकडीतिकडी, हलणारी. ती पसरत जायची, आणि समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा दिसेनासा व्हायचा. मग उजव्या डोळ्यामागे कुणी खिळा ठोकावा तसं सुरू. डिझेलचा वास, प्रवाशांच्या केसांतल्या तेलाचा वास, हॉर्न, खिडकीच्या काचेवरून उडणारं ऊन, सगळं त्या खिळ्यावर येऊन आदळायचं. आणि अशा वेळी माझ्या गळ्यात तिकिटाचं मशीन असायचं, गाडीत साठ माणसं असायची, आणि प्रत्येकाला आपलं तिकीट आधी हवं असायचं.

महिन्यातून तीन-चारदा हे व्हायचं. पहाटे उठून दोन डबे करायचे, लेकरांच्या वेण्या, गणवेश, सासऱ्यांचं औषध, आणि मग चहा अर्धा टाकून डेपोकडे पळायचं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की उपाशी राहू नका, पाणी प्या, झोप मोडू नका, आणि रेघ दिसली की लगेच ही गोळी घ्या. मी मान डोलावून बाहेर आले आणि मनात म्हटलं, यातलं गोळी सोडून मला काय जमणार आहे? डेपोत मी कुणाला कळू दिलं नव्हतं. गाडीवरून काढून टेबलावर बसवतील, लोक म्हणतील बायकांना झेपत नाही, ही भीती. माझ्या गाडीचे ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी दोनदा विचारलं, तर दोनदा मी झोप झाली नाही असं सांगितलं.

शेवटी मी माझ्या पद्धतीने उपाय काढला. बालाजीला नवस बोलले. एकवीस शनिवार निर्जळी उपास करीन, दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, पण हे डोकं थांबव. यजमानांनी ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की डॉक्टर एक सांगतात आणि तू बरोबर उलटं करतेस. मी त्यांच्यावर चिडले. भक्ती तुम्हाला कळत नाही, असं मी म्हणाले. खरं सांगायचं तर ती भक्ती उरलीच नव्हती. मी देवाशी हट्टाला पेटले होते. मी इतकं सोसते, आता बघू तू कसा देत नाहीस, असं काहीतरी ते होतं. शनिवारमागून शनिवार जात होते आणि डोकं थांबायच्या ऐवजी नेमकं शनिवारीच उठायला लागलं होतं. तेही मी परीक्षा म्हणून घेत होते.

चौदावा शनिवार. बुलढाण्याहून धाडला जाणारी गाडी, सकाळ सरत आलेली. ऊन चांगलंच तापलं होतं. घाटाचं वळण गेलं आणि मला ती रेघ दिसली. गोळी पर्समध्ये होती. पण गोळी घ्यायची म्हणजे पाणी प्यावं लागणार, आणि पाणी प्यायलं की तेरा शनिवार वाया. मी गोळी घेतली नाही. तिकिटं सगळी फाडून झाली होती, म्हणून दांडीला धरून, डोळे किलकिले करून उभी राहिले.

धाडच्या अलीकडे एका फाट्यावर गाडी थांबली. तिथे नेहमी एक म्हातारी उतरायची. पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन बुलढाण्याला जायची आणि माझ्या गाडीने परत यायची. कितीतरी वर्षं ती माझी प्रवासी होती. मला तिचं फुकट प्रवासाचं कार्ड माहीत होतं, कार्ड पुढे करणारा हातही माहीत होता, तोंड मात्र मी नीट बघितलं नव्हतं. त्या दिवशी दाराकडे नजर टाकली तर मला दार अर्धंच दिसलं. दिसलं त्या अर्ध्यात कुणी नव्हतं. मी दोरी दोनदा ओढली. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा.

म्हातारी उरलेल्या अर्ध्यात होती. एक पाय पायरीवर, एक हवेत, डोक्यावर रिकाम्या टोपल्या.

गाडी हलली नाही. त्याच क्षणाला समोरून शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडायला लागला, आणि दादांनी क्लचवरचा पाय तसाच ठेवला. वीस-पंचवीस शेळ्या असतील, मागे एक लंगडत चाललेली. तेवढ्यात म्हातारी खाली उतरली. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. मी पहिल्या सीटच्या कडेला बसले.

शेळ्या का आल्या, तेव्हाच का आल्या, यावर मी वाद घालणार नाही. त्या रस्त्याला शेळ्या रोजच आडव्या जातात.

पुढे जे झालं ते मात्र रोज होत नाही. म्हातारीने टोपल्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी ठेवल्या, फक्त गाठ मारलेलं एक फडकं हातात घेतलं आणि ती परत गाडीत चढली. माझ्याजवळ आली, हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं आणि बघत राहिली. मला वाटलं आता शिव्या बसतील. ती दादांना म्हणाली, "चाल रे बापू. मी येते हिच्यासंगं धाडपर्यंत." मग दादांच्या बाटलीतल्या पाण्याने पदराचं टोक ओलं करून माझ्या डोळ्यांवर ठेवलं, माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तिच्या लुगड्याला कोथिंबिरीचा आणि मातीचा वास होता. मला त्या वेळी कुठलाही वास सहन होत नसे; तो एक सहन झाला.

धाडला उतरल्यावर मी स्टँडच्या मागे जाऊन ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं पित्त. म्हातारीने पाठीवरून हात फिरवला आणि निंबाखाली सावलीत मला बसवलं. दादांनी डेपोत फोन लावला आणि मागच्या गाडीच्या कंडक्टरला माझी परतीची फेरी द्यायचं ठरवून आले. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर म्हातारीने हातानेच गप्प केलं.

"सकाळपासून काय खाल्लं?" तिनं विचारलं.

"काही नाही, माय. बालाजीचा उपास हाय."

"पाणी?"

"पाणीबी नाही. निर्जळी हाय."

"काऊन?"

मी सांगितलं. डोकं थांबावं म्हणून नवस केला, चौदावा शनिवार आहे, सात राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग फडक्याची गाठ सोडली. आत ज्वारीची भाकर होती, मेथीची कोरडी भाजी आणि गुळाचा खडा. तिचं स्वतःचं जेवण होतं ते.

"थो बालाजी सोता दोन टाइम जेवते," ती म्हणाली, "अन् तुले उपाशी मारीन काय? त्यानं मांगतलं होतं का तुह्या तोंडचं पाणी?"

नवस मोडला तर, असं काहीतरी पुटपुटले. तिनं स्टँडवरच्या टपरीवरून पाण्याचा गिलास आणला, माझ्या पर्समधली गोळी काढायला लावली आणि गिलास माझ्या हातात दिला.

"घे. पाप लागलं त मले लागू दे."

मी पाणी प्याले. आजवर कितीदा तीर्थ घेतलं असेल, पण इतकं जपून, थेंबही न सांडता कधी घेतलं नव्हतं. मग तिनं गूळ दिला, थोड्या वेळानं भाकरीचा पापुद्रा मोडून दिला, लेकराला भरवतात तसा. अर्ध्या तासाने रेघ विरली, खिळा राहिला, पण सैल झाला. तेव्हा मला धीर आला आणि मी तिला खरं ते सांगितलं. "माय, तू उतरून राह्यली होती तवा म्याच बेल देली. गाडी चालली असती त तू चाकाखाली गेली असती."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "ऐकली म्या."

ऐकली होती, आणि तरी ती परत चढली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. स्टँडवरची माणसं बघत होती, गणवेशातली बाई अशी रडते म्हणून. मला त्याचं काही वाटलं नाही.

परतीच्या फेरीला मी माझ्याच गाडीत प्रवासी होऊन बसले. फाटा आला तेव्हा माय उतरली. या वेळी दादा स्वतः मागे वळून बघत होते, आणि तिच्या टोपल्या तिच्या डोक्यावर चढेपर्यंत गाडी हलली नाही.

सोमवारी मी आगारप्रमुखांना सगळं सांगितलं, बेलसुद्धा. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावली, पंधरा दिवस स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर बसवलं, आणि मग दुपारची फेरी दिली, म्हणजे सकाळी दोन घास खाऊन निघता येईल. ज्याची मी इतकी वर्षं धास्ती घेतली होती ते एवढंच होतं. घरात मी यजमानांना म्हटलं, मला एकटीला होत नाही. ते दुसऱ्या दिवसापासून लेकरांचे डबे भरायला लागले. पोळ्या वेड्यावाकड्या होतात. लेकरं तक्रार करत नाहीत.

मोडलेल्या नवसाची भीती मात्र मनातून जाईना. सुटीच्या दिवशी मेहकरला गेले. गाभाऱ्यापाशी पोचले तर पडदा ओढलेला. पुजारीबुवा म्हणाले, थांबा जरा, नैवेद्य चालला आहे, देव जेवताहेत. मी हात जोडून उभी होते आणि मला मायचं बोलणं आठवून हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना धार लागली. पडदा बाजूला झाला, तीच काळी मूर्ती, तेच बघणं. मी काय मागायला आले होते ते आठवेना. तशीच उभी राहिले आणि प्रसाद खाऊन घरी आले.

डोकं अजून दुखतं. पूर्वीइतकं नाही, महिन्यातून एखाद्या वेळी. गोळी वेळेवर घेते, अंधाऱ्या खोलीत पडते, आणि लेकरांना सांगते की आज आईचं डोकं उठलंय. धाकटी येऊन कपाळावर ओलं फडकं ठेवून जाते. सेवा करून घ्यायला मला फार उशिरा आलं.

एक गोष्ट मला कितीतरी महिन्यांनी कळली. दुपारच्या फेरीला कधी कधी माय भेटते, आता मी तिच्याशेजारी बसून बोलते. एकदा मी विचारलं की माझं तोंड बघून तुला कसं कळलं ग, अर्धशिशी आहे म्हणून? ती म्हणाली की तिच्या लेकीचंही असंच होतं. वावरात काम चालू असताना पोरगी अर्धं डोकं धरून बांधावर बसायची, आणि माय तिला कामचुकार म्हणायची. एकदा हातसुद्धा उगारला होता. मग ती लग्न होऊन वडनेर भोलजीला गेली, आणि माहेरी येणं हळूहळू कमी करत गेली.

"तुह्यं तोंड पाह्यलं अन् मले तिचंच दिसलं," माय म्हणाली. "त्या दिवशी घरी गेली, फोन लावला. म्हटलं, बाई, माह्यं चुकलं."

लेक फोनवर काय म्हणाली, ते मी विचारलं नाही. मायच सांगून गेली की पोळ्याला ती आली होती, चार दिवस राहिली, आणि दोघींनी मिळून मेथी निवडली.

इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते की बालाजीने त्या दिवशी माझ्यासाठी धाव घेतली. तो माझ्यासाठी आला होता की वडनेरला सासरी बसलेल्या, मी कधी न पाहिलेल्या त्या लेकीसाठी, हे आता मला सांगता येत नाही. आपल्या वाट्याला आलेलं दुखणं कुणाच्या कुठल्या कामाला लावायचं, हा हिशोब त्याचा. मी तेवढं सकाळी जेवून निघते, आणि गाडी सोडण्याआधी दाराकडे मान पूर्ण वळवून बघते.