आयडलिंगचा दीड आटा

क्लचताईचं खरं नाव फक्त तिच्या लायसन्सवर होतं. बाकी सगळी वस्ती तिला क्लचताईच म्हणायची, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या गाडीच्या खिडकीतून एकच आरोळी ऐकू यायची: "क्लच! अहो, क्लच!" हे नाव तिच्या सासऱ्यांनी ठेवलं होतं. ड्रायव्हिंग स्कूल मुळात त्यांचं. गुडघे धरले तसे ते ओट्यावरच्या खुर्चीत बसले आणि शिकवणं सुनेकडे आलं.

गाडीही सासऱ्यांचीच. चार सिलिंडरचं, अकराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटरच्या जमान्यातलं. या वयाच्या इंजिनाला जे जे होतं, ते सगळं तिला होऊन गेलं होतं. टॅपेट कव्हरखालून ऑइल पाझरायचं. वॉटर पंप बदलून झाला होता. दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरायची, एक सिलिंडर रुसायचा आणि उरलेले तीन त्याला ओढत घरी आणायचे. याचं कोणाला काही वाटत नसे. दोन खोडी मात्र काही केल्या सुटत नव्हत्या. सिग्नलला जरा जास्त वेळ उभं राहिलं की तापमानाचा काटा चढायचा. आणि किल्ली काढून घेतली तरी इंजिन बंद व्हायचं नाही. खोकत, हिसके देत चालूच राहायचं. मग क्लचताई ब्रेक घट्ट दाबायची, चौथा गिअर टाकायची आणि क्लच सोडायची. तेव्हा कुठं ते गप्प बसायचं. "म्हातारीला थोपटून झोपवावं लागतं," असं ती शिकणाऱ्यांना सांगायची.

एका गोष्टीचा मात्र तिला फार अभिमान होता. तिच्या हातून गाडी कधी बंद पडली नव्हती.

कधीच नाही, असं नाही. लग्न होऊन आली तेव्हा नवरा बोटीवर नोकरीला, घरात ती आणि सासरे. सासऱ्यांना वाटलं, पोर दिवसभर भिंती बघत बसण्यापेक्षा गाडी शिकेल. पण क्लच सोडला की गाडी एक उसळी मारून बंद. फाटकापाशी बंद, वळणावर बंद, चढावर तर हमखास. मागून हॉर्न वाजायचे आणि हिच्या डोळ्यांत पाणी. शेवटी तिनं हात जोडले, "मामंजी, मला नाही जमायचं. मी आपली घरात बरी." सासरे एवढंच म्हणाले, "उद्या एक दिवस बघ. उद्या नाही जमलं तर सोडून दे." दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडून धुऊनपुसून आली. हिनं क्लच सोडला आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. "बघ," सासरे म्हणाले, "पाय बसला तुझा."

त्या बसलेल्या पायावर पुढं तिनं अर्ध्या वस्तीला गाडी शिकवली.

या वर्षी तिच्याकडे एक बेकरीवाली शिकायला आली. ती बेकरीत पहाटे पाव भाजायची. बेकरीची व्हॅन चालवणारा माणूस काम सोडून चालला होता. मालकानं सांगितलं होतं, महिनाअखेर लायसन्स आण, व्हॅन तुझी. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. भट्टीसमोर बसून तिचे डोळे आणि छाती दोन्ही कुरकुरायला लागले होते. त्यामुळं तिच्यासाठी ही परीक्षा म्हणजे भट्टीतून बाहेर पडायची एकच वाट होती. शिकलीही ती झपाट्यानं. परीक्षा तीन दिवसांवर आली आणि गाडीची धुराची तपासणी नेमकी त्याच आठवड्यात निघाली.

दरवेळी तपासणीला गाडी मिस्त्री स्वतः घेऊन जायचा. यंदा त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गॅरेज त्याची लेक सांभाळत होती. तिनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, हे आयडलिंग एवढं कोणी चढवलंय? उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांनी फिरायला हवं, हे तेराशेनं पळतंय. म्हणून तर धूर आहे. तापतंय पण म्हणूनच. आणि किल्ली काढल्यावर बंद होत नाही ना?"

"तुला कसं कळलं गं?"

"थ्रॉटल उघडाच राहतो ना! आत कोळशाचे कण लालबुंद असतात, वरून पेट्रोल मिळतच राहतं. मग ते कशाला थांबेल? फुकटचं जेवण कोण सोडतं?" तिनं कार्बोरेटरच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवला. इंजिनाचा आवाज खाली उतरला, शांत झाला. एवढी शांत गाडी क्लचताईनं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. लेकीनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. "बाबा, क्लचताईंच्या गाडीचा स्क्रू असा कसा राहिला हो तुमच्या नजरेतून?"

"राहिला नाही, ठेवलाय!" पलीकडून मिस्त्री ओरडला. "तपासणीपुरता उतरवायचा आणि मग परत दीड आटा चढवायचा. मालकांनी सांगितलंय तसं."

"कोणत्या मालकांनी?" क्लचताईनं विचारलं.

पलीकडे आवाज एकदम बारीक झाला: "वहिनी आहेत होय तिथं?"

"आहे. बोला."

"आता काय बोलायचं... तुम्ही नवीन होता. मालक म्हणाले, पोर गाडी सोडून देईल, काहीतरी कर. मी आटा चढवला. म्हणाले, हिचा पाय बसला की सांगतो, मग उतरव. पुढं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही."

क्लचताई दार उघडून गाडीत बसली. तिनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं उसळी मारली आणि गॅरेजच्या तोंडाशीच बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. मिस्त्रीची लेक पान्हे पुसायच्या कामात फारच गुंतून गेली.

धुराची तपासणी उरकून घरी येईपर्यंत क्लचताईच्या लक्षात सगळं येत गेलं. तेराशेनं फिरणाऱ्या इंजिनात इतका जोर असतो की क्लच कसाही सोडला तरी ते गाडी ओढून नेतं. आठशेवर तेच इंजिन जेमतेम श्वास धरून असतं. जुने विद्यार्थी तक्रार घेऊन यायचे, "ताई, तुमच्या गाडीत जमायचं, घरच्या गाडीत जमत नाही." त्यांना ती ऐटीत सांगायची, "तुमच्या गाडीला चांगल्या पायाची सवय नाही." आठवून तिचे कान तापले.

सासरे ओट्यावर कुंडीतल्या रोपाची पिवळी पानं खुडत होते.

"मामंजी, आज गाडी बंद पडली."

"कोणी पाडली?"

"मी."

"तू? असं कसं होईल?"

"मिस्त्री म्हणतो, कोणीतरी स्क्रू चढवून ठेवला होता. इतकी वर्षं."

सासऱ्यांनी एक चांगलं हिरवं पान खुडलं. "हल्ली कोणाचा भरवसा धरायची सोय नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

तिनं रागवायचा प्रयत्न केला. जमेना. ते तिला त्या दिवशी घरात बसू देऊ शकले असते. लोकांनी तेच केलं असतं. पण हा माणूस गुपचूप गॅरेजमध्ये गेला, इंजिनाला थोडं जास्त पळायला लावलं आणि श्रेय मात्र तिच्या पायाला दिलं. वर आयुष्यभर तापणारी गाडी आणि जास्तीचं पेट्रोल सोसलं, एका शब्दानं बोलला नाही. "आभार" हा शब्द मात्र सासऱ्यांना म्हणायचा कसा, हे तिला कळेना.

"चला," ती म्हणाली, "गाडीत बसा. मला शिकवा."

काठी टेकत ते शिकवणाऱ्याच्या जागेवर बसले. तिथं त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक आणि क्लच होते. त्यांनी पाय उचलून बाजूला घेतले. "मी काही करणार नाही. तू ऐक फक्त. क्लच हळूहळू सोडत आण. इंजिन मान खाली घालेल... हं, घातली बघ! तिथं थांब. आता चिमूटभर पेट्रोल."

ती मान खाली घालणं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तेराशेवर ते ऐकू येतच नाही. चार वेळा गाडी बंद पडली. पाचव्यांदा निघाली. संध्याकाळपर्यंत चढही जमला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवालीच्या हातून गाडी फाटकातच बंद पडली. काय झालं ते क्लचताईनं सांगितल्यावर ती रडकुंडीला आली.

"ताई, परीक्षा परवा आहे आणि तुम्ही मला गाडी बंद पाडायला शिकवताय? पाया पडते, तो स्क्रू चढवा परत. परवापुरता!"

क्लचताईनं क्षणभर विचार केला. तपासणी झाली होती. दीड आटा चढवायला कोणाची हरकत नव्हती. बाई पास झाली असती.

"आणि व्हॅन?" ती म्हणाली. "पावाच्या ट्रे भरून चढावर उभी राहशील, तेव्हा तिचा स्क्रू कोण चढवेल? माझा सासरा?"

बेकरीवाली हसली नाही. पण उतरलीही नाही. दोन दिवस ती फक्त ऐकायला शिकली.

परीक्षेत चढावर थांबायचं होतं. परीक्षक शेजारच्या सीटवर, क्लचताई रस्त्याच्या कडेला उभी. गाडी चढावर थांबली, सुरू होताना एक हिसका बसला आणि बंद पडली. क्लचताईचा उजवा पाय रस्त्यावरच, नसलेला ब्रेक दाबायला लागला. गाडी पुन्हा सुरू झाली. आवाज उतरला, खाली आला, तिथंच थांबला, थांबून राहिला. मग पेट्रोल मिळाल्यासारखा भरला आणि गाडी मागं एक बोटही न सरकता वर निघून गेली.

एकदा बंद पडल्याचे गुण गेले, पण बाई पास झाली. तिनं क्लचताईचे दोन्ही हात धरले. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले?" एवढंच क्लचताईला सुचलं.

घरी येऊन तिनं सासऱ्यांना निकाल सांगितला. ते नुसते हसले. गुडघ्यांमुळं त्यांनी शिकवणं सोडल्याला बरीच वर्षं झाली होती.

"मामंजी, उद्यापासून सकाळचा पहिला तास तुम्ही घ्यायचा. ऐकायला शिकवायचं तुम्ही. हात-पाय मी बघते."

"मला म्हाताऱ्याला कोण बसवतं आता गाडीत?"

"मी बसवते."

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं ओट्यावरून खुर्ची सरकल्याचा, मग काठीचा आवाज आला, आणि मग जिन्याखालच्या कपाटातून सासऱ्यांचा चिडका आवाज: "अगं, माझे ते काळे बूट कुठं नेऊन ठेवलेस?"