आक्काची बैलगाडी

आक्का गेल्याची चिठ्ठी शिपायाने आणून दिली, तेव्हा मी सहावीचा वर्ग घेत होते. तिला कावीळ झाली होती. त्याच्या चारच दिवस आधी मी तिला भेटून आले होते... आज त्याला महिना उलटला.

आक्का माझी थोरली बहीण. ती पाच वर्षांची असताना तिच्या डाव्या जबड्यात कॅन्सरची गाठ झाली. वडिलांनी तिला सायखेड्याहून मुंबईला नेलं, तिथे किरणांचे शेक दिले. गाठ गेली, आक्का वाचली. पण चेहऱ्याची डावी बाजू लहान मुलीचीच राहिली. तिकडचे काही दात आलेच नाहीत, आले ते बारीक आणि हलणारे. तोंड पुरतं उघडत नसे. दुधात कुस्करलेली भाकरी संपायला तासभर लागे. घरात आजाराचं नाव कुणी काढत नसे. कुणी विचारलं की आई सांगायची, "गाडीवरून पडली व्हती. बैल उधळले."

मॅट्रिकनंतर आक्का नाशिक रोडला सरकारी कचेरीत टायपिस्ट झाली आणि कॉलेजसाठी तिने मला आपल्या खोलीवर आणलं. माझं जेवण आधी व्हायचं. उठू लागले की म्हणायची, "बस गं. मोठ्याने वाच. तुझा धडा आधी संपतो का माझा घास, बघू." आमच्या घरातली पहिली बी.ए. मी त्या तासातच झाले.

शेवटच्या वर्षी मला निफाडचं स्थळ आलं; परीक्षा झाल्यावर ते पाहायला येणार होते. त्याच आठवड्यात आक्काची डावी दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "चेहऱ्याला काय झालं होतं?" तिला बोलता येत नव्हतं. बाकावर निफाडकरांच्या ओळखीच्या एक बाई बसल्या होत्या. मी पटकन म्हणाले, "बैलगाडीवरून पडली होती." आक्काने माझ्याकडे फक्त पाहिलं.

दाढ काढली. जखम भरेना. आठ महिने पू येत राहिला, आतलं हाड उघडं पडलं. शेवटी दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरांनी तोच प्रश्न केला, तेव्हा आक्काने कागदावर खरं लिहून दिलं. ते म्हणाले, "शेक दिलेल्या हाडातला दात असा काढत नाहीत. आधी का नाही सांगितलं?" मी शेजारीच उभी होते.

परतताना मी रिक्षात रडू लागले. "तू कशाला रडतेस? तोंड माझं दुखतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ती बैलगाडी आता विकून टाकू."

त्यानंतर मला पाहायला जे आले, त्यांना आक्का चहाच्या आधीच सगळं सांगायची. निफाडकरांचा निरोप आला नाही. पुढच्या दोघांचाही नाही. चौथ्यांदा माझ्या सासूबाई आल्या. ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "मग जेवता कसं तुम्ही?"

"सावकाश," आक्का म्हणाली.

ती गेल्यावर तिच्या पर्समध्ये टाईप केलेला एक कागद सापडला, घड्यांवर झिजलेला. 'लहानपणी डाव्या जबड्याला किरणांचे शेक दिले आहेत. दात काढण्यापूर्वी लक्षात घ्यावे.' खाली सही. मी काय केलं ते त्यात नव्हतं. ते तिने कधी कुणाला सांगितलंही नाही, म्हणून इथे लिहिलं.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला असायची. परवाच्या रविवारी सगळ्यांची ताटं रिकामी झाली आणि मुलगी उठू लागली. मी म्हटलं, "बस गं. मोठ्याने वाच." तिने पुस्तक आणलं. तास होईपर्यंत आम्ही कुणी उठलो नाही.