तपासणाऱ्याची चौकट

"ही भाषा आहे की मासळी बाजार?" सर म्हणाले, आणि सगळे हसले.

नवी मुंबईतलं महापेचं ऑफिस. कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर माझं पत्र. अक्षरं मोठ्ठी केलेली, मागच्या खुर्चीवरच्यालाही दिसावीत म्हणून. मला नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. आमची कंपनी गोदामं, हॉस्पिटलं, कारखाने यांच्यात आग विझवायची यंत्रणा बसवते. एका गिऱ्हाइकाला माल उशिरा पोचणार होता, ते कळवायचं पत्र मी इंग्रजीत लिहिलं होतं. सर ते मोठ्याने वाचायला लागले. पण स्वतःच्या आवाजात नाही. माझ्या गावच्या आवाजात. हेल काढून, हात नाचवून, डोक्यावर पाटी असल्यासारखी मान ताठ धरून. प्रत्येक ओळीनंतर थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि पुढची ओळ.

मी दिवाळ्याची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. आई बेलापूरला मासे विकते. इंटरव्ह्यूत विचारलं तेव्हा सरळ सांगितलं होतं. लपवायचं कशाला? लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे?

पत्र वाईटच होतं. सुरुवातीला नुसता नमस्कार-चमत्कार, आणि माल कधी येणार ते पार शेवटी. मग वाईट म्हणा ना. फाडा, परत लिहायला लावा. माझ्या आईला त्या खोलीत आणायची काय गरज होती? त्या एसीतही माझे कान तापले होते. मी वहीत काहीतरी लिहितेय असं दाखवत बसले.

घरी गेले तर आईने तोंड बघूनच ओळखलं.

"काय झाला गो?"

"काय नाय."

"कोनी बोलला का तुला?"

"नाय गो, डोका दुखतंय."

काय सांगणार होते? तुझी नक्कल केली आणि लोक पोट धरून हसले, असं?

त्यानंतर एक ठरवलं. लिहिलेला कुठलाही कागद दुसऱ्याच्या हातात जायच्या आधी आपणच मोठ्याने वाचायचा. त्या माणसाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्या तोंडून ऐकलेला बरा. घरात दोन खोल्या, टीव्ही, भावाची पोरं. म्हणून संध्याकाळी जेट्टीवर जायचे. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या पलीकडे उभी राहून खाडीकडे तोंड करून इंग्रजी प्रपोजल वाचायचे. पाइपांचे व्यास, पंपांचे दाब, अटी, शर्ती. जाळी विणत बसलेले म्हातारे बघायचे. बायका बघायच्या. "हिला काय लागीर झाला का?" असं एक जण माझ्या देखत बोलली. गावाला वाटायचं पोरगी फुकट गेली. ऑफिसला वाटायचं पोरगी गावचीच राहिली. मी आपली एकटी, हातात कागद.

पण कान तयार झाला. वाचताना जिथे दम संपला तिथे वाक्य तोडायचं. जिथे माझंच लक्ष उडालं तिथे गिऱ्हाईक कशाला थांबेल? 'जागतिक दर्जाची सेवा'. काढ. 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल ऋणी'. काढ. गिऱ्हाइकाने विचारलंय काय? ते पहिल्या ओळीत. काम कोण करणार, कधी करणार, नाही झालं तर काय. बाकीचं खाली, नाहीतर कचऱ्यात. स्वतःला आवडलेलं वाक्य कापताना जीव तुटतो. तरी कापायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. कित्येकदा तोच कागद चार-चार वेळा कापून परत पहिल्यासारखा करून ठेवायचे आणि रडकुंडीला यायचे. सोडून द्यावंसं वाटायचं. मग तो हेल आठवायचा आणि परत बसायचे.

हळूहळू सगळे कागद माझ्याकडे यायला लागले. "जरा बघून दे" म्हणून. मी बघायचे म्हणजे अर्धं प्रपोजल नव्याने लिहायचे. आमच्या प्रत्येक प्रपोजलच्या पहिल्या पानावर तीन चौकटी असतात. बनवणारा, तपासणारा, मंजूर करणारा. मधल्या चौकटीत कायम सरांचं नाव. तपासायचे मी.

मला ती चौकट हवी होती. हसाल, पण मला दुसरं काही नको होतं. मी कॉन्ट्रॅक्टवर, ते कायम व्हायचं होतं हे खरं, पण त्याच्याही आधी मला ती चौकट हवी होती. दर वर्षी विचारायचे. दर वर्षी 'अजून वेळ आहे'. एकदा मी हट्टालाच पेटले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "क्लायंट पहिलं पान बघतो. आडनावावरून माणूस कळतो. तुला राग येईल, पण धंदा असा चालतो."

राग आला. गिळला. ऑफिसात माझी एकच मैत्रीण होती, शेजारच्या टेबलावरची मेघना. खारघरची, फ्लॅटमध्ये वाढलेली. माझ्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी गुपचूप खायची आणि बडीशेप चघळत जागेवर जायची. तिला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना यार, टेन्शन नको घेऊस." मी जाऊ दिलं.

मग नारळी पौर्णिमा आली. ऑफिसला सुटी नसते. आमच्या घरी होडी सजवायची असते, म्हणून मी रजा टाकली. "जा, जा, तुमचा तो नारळ सोडून या," सर म्हणाले.

परत आले तेव्हा सरांनी कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. तीच खोली. टेबलावर फोन स्पीकरवर, भिंतीवर उरणच्या एका कंटेनर गोदामाचं प्रपोजल. फोनवर त्या गोदामाच्या मॅनेजर बाई.

"सर, इथे लिहिलंय, आग लागली तर पेशंटना स्ट्रेचरवरून जिन्याने खाली उतरवायचं. आमच्याकडे पेशंट नाहीत. जिना पण नाही. शंभर हमाल आहेत, त्यांनी कुठून पळायचं?"

मला लगेच कळलं. आमच्याकडे नवीन प्रपोजल नव्याने कोणी लिहीत नाही. जुनं उघडायचं, नाव बदलायचं, पाठवायचं. सरांनी हॉस्पिटलचं जुनं प्रपोजल उचललं होतं आणि सुटकेचा सगळा भाग तसाच ठेवला होता. माझा मामेभाऊ उरणला असल्याच गोदामात कंटेनर रिकामे करतो. 

तेवढ्यात सरांनी पहिलं पान वर घेतलं. मधली चौकट. तपासणारा. आणि तिथे माझं नाव. पूर्ण. आडनावासकट.

खरं सांगते, एक क्षण मला आनंद झाला. अगो बाय, माझं नाव! एवढी वर्षं ज्याच्यासाठी खाडीला ओरडून ओरडून घसा बसवला ते भिंतीवर होतं. मग डोक्यात प्रकाश पडला. ज्याने बनवलं त्यानेच तपासायचं नाही, असा कंपनीचा नियम. सरांनी स्वतः बनवलेलं, त्यामुळे मधल्या चौकटीला कोणीतरी हवं होतं. पानावर तारीख नारळी पौर्णिमेची. मी तर त्या दिवशी होडीला झेंडूची माळ बांधत होते.

"मॅडम, चेकिंगला आमची एक लोकल मुलगी आहे," सर फोनला सांगत होते. "गावातली आहे, शिकतेय. सांभाळून घ्या." मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले. "सॉरी बोल आणि संपव. परमनंट व्हायचंय ना?"

खोलीत पाच-सहा जण होते. सगळ्यांना माहीत होतं मी रजेवर होते. मी मेघनाकडे बघितलं. ती मोबाइलवर बोट फिरवत होती.

 मी फोनजवळ गेले. "मॅडम, हे प्रपोजल मी वाचलेलं नाही. त्या दिवशी मी रजेवर होते. माझं नाव मला न विचारता घातलंय. तुमच्या माणसांनी कुठून पळायचं ते मी लिहून देते, मला गोदामाचा नकाशा पाठवा."

 बाई "ठीक आहे" म्हणाल्या आणि फोन ठेवला. सरांचा चेहरा लालबुंद. "बाहेर हो," एवढंच म्हणाले.

दुपारी माझं टेबल पँट्रीच्या बाजूला गेलं. मेघना डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागली. लिफ्टमध्ये भेटली तर म्हणाली, "तू एकदा सॉरी बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"  तिचंही चुकत नाही, तिच्या घराचे हप्ते आहेत. पण चटणी आता मी एकटीच खाते, आणि घास उतरत नाही.

त्याच आठवड्यात सरांनी गोदामाला पाठवायचं माफीपत्र लिहिलं आणि माझ्याकडेच धाडलं. "भाषा सुधार." त्यात लिहिलं होतं की अनवधानाने काही बाबी समाविष्ट झाल्या. कोणाच्या अनवधानाने? कुठल्या बाबी? पानभर शब्द आणि त्यात माणूस नाही.

मी ते जेट्टीवर नेलं. मोठ्याने वाचलं. मग कापलं. उरलं ते एवढं: आम्ही हॉस्पिटलचा मजकूर तुमच्या प्रपोजलमध्ये तसाच ठेवला. ते प्रपोजल सरांनी बनवलं, आणि पाठवण्याआधी कोणीही तपासलं नाही. गोदामातून बाहेर पडायच्या वाटा तुम्ही पाठवलेल्या नकाशावर आखून सोबत जोडल्या आहेत. पत्राखालीही त्याच तीन चौकटी आखल्या आणि मधलीत माझं नाव मी स्वतः टाइप केलं, कारण हा कागद मी वाचला होता.

सरांनी त्यांच्याबद्दलचं वाक्य आणि माझं नाव काढून पत्र परत पाठवलं. मी दोन्ही घालून परत पाठवलं. त्यांनी परत काढलं. मी परत घातलं. अजून हेच चाललंय.

माझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्याच्या शेवटी संपतं. वाढवणार नाहीत, मला दिसतंय. आईला सांगून टाकलं, आणि त्या पहिल्या दिवसाचंही सांगितलं, नकलेसकट. ती कोळंबी सोलत होती. हातातली सोलून टोपात टाकली. मग म्हणाली, "मंग नाव नको काढू."

नाही काढणार. महिनाअखेरीपर्यंत ते पत्र जितक्या वेळा नाव खोडून येईल तितक्या वेळा नाव घालूनच जाईल. पुढे जिथे जाईन तिथे पहिल्याच दिवशी सांगेन, मी वाचलेल्या कागदावर माझं नाव लागेल, आडनावासकट, आणि न वाचलेल्यावर कोणाच्या बापाला लावू देणार नाही.