मागच्या दारची पेशंट

ड्रायव्हरनं पाण्याची पाइप बंद केली, तेव्हा मला कळलं की त्याला सगळं ऐकू गेलंय.

मी डॉक्टर मॅडमच्या घरामागच्या पडवीत उभी होते. एका बाजूला खरकट्या भांड्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला कपडे धुवायचं मशीन. समोर अंगणात ड्रायव्हर गाडी धूत होता. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात चहाचा कप.

"खाज म्हणजे नेमकी कुठं? आत की बाहेर?"

मी मान खाली घातली.

"अगं बोल ना. पांढरं जातंय का? वास येतो का? नवऱ्याचं बाहेर कुठं काही नाही ना?"

तेव्हा पाण्याचा आवाज थांबला.

मी "न्हाई" म्हणाले. कशाला न्हाई म्हणाले ते मला आजही सांगता यायचं नाही. पांढरं जात होतं. आग होत होती. नवऱ्याचं मला माहीत नव्हतं. पण त्या पडवीत दुसरा शब्दच तोंडातनं फुटेना.

आमचं गाव हातकणंगल्याच्या बाजूला. मॅडमचा दवाखाना मोठ्या रस्त्याला, पुढं दवाखाना आणि मागं घर. माझी सासू त्या घरात भांडी घासायची. म्हणून आमच्या घराला औषध फुकट. ताप असो, पोरींचा खोकला असो, मागच्या दारानं जायचं, पुढचे पेशंट संपेपर्यंत पडवीत थांबायचं, मॅडमला सवड झाली की त्या येऊन बघायच्या. उभ्या उभ्या. आमच्या नावाचा केसपेपर तिथं कधी निघाला नाही. सासूला ह्याचं भारी कौतुक. आपल्याला रांग लावाया लागत न्हाई, म्हणायची.

त्या दिवशी मी मुद्दाम पुढनं गेले होते. बायकांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. नंबर लावणाऱ्या पोरीनं मला बघितलं आणि भरल्या दवाखान्यात म्हणाली, "तू भांडीवाल्या मावशीची सून न्हवं? मागनं ये की."

शेजारच्या बाईनं मला जाऊ देण्यासाठी पाय आत घेतले. मी उठले.

पडवीत मॅडमनी चहा संपवला. मी जायला हलले नाही हे बघून म्हणाल्या, "अजून काय?"

जे विचारायला गेले होते ते अजून पोटातच होतं. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आता मूल नगं मला. काय असंल ते द्या."

त्या हसल्या. "दोन्ही मुलीच ना गं तुझ्या? आणि इतक्यात बंद करायचं म्हणतेस? सासूला माहितीय?"

ड्रायव्हरनं पाइप पुन्हा सुरू केली नव्हती.

मला इथं सांगायला हवं की मी एवढी का भ्याले होते. धाकटीच्या वेळी माझं रक्त थांबेना. मला कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. पाय गार पडत गेलेले आठवतात. कुणीतरी गालावर थापट्या मारत होतं, झोपू नको म्हणत होतं. मी जगले. तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला समोर उभं करून सांगितलं, "लगेच दिवस राहू देऊ नका. बाईच्या जिवावर बेतेल." त्यानं मान हलवली. घरी आल्यावर म्हणाला, "बघू."

माझा नवरा फौंड्रीत कामाला. मारकुटा नाही. पगार घरात देतो. पण त्या एका बाबतीत त्याला नाही म्हटलेलं ऐकू येत नाही. निरोध आण म्हटलं तर हसायचा. त्यामुळं दर महिन्याला पाळी यायच्या आधी माझी झोप उडायची. न्हाणीत गेले की आधी कपडा बघायचे. रक्ताला मी भ्यायचे, आणि ते आलं नाही तर जास्त भ्यायचे.

दुसऱ्या दिवशी सासू कामावरनं आली ती चप्पल न काढता आत आली. दार लोटलं.

"मला इचारल्याबिगर गेलीस? त्या बाईनं मला समोर बसवून सगळं इचारलं. ड्रायव्हर हसतोय तिकडं. माझं काम घालवणार हाईस का?"

मी म्हणाले, "आत्ती, मी मरायला आलते तवा तुम्हीच हुतासा न्हवं उशाला?"

तिनं मागं वळून चप्पल काढली. पोराला मात्र तिनं सांगितलं नाही. ती त्यालाही भीत होती, मॅडमलाही भीत होती. आमच्या घरात त्या दिवसांत दोन बायका भीत होत्या आणि एकमेकींवरच ओरडत होत्या.

आठवडा गेला असेल. सासूनं कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. "मॅडमनी दिल्यात. रोज एक खा म्हणाल्या." आत सुट्ट्या गोळ्या. बारक्या, पिवळसर. वर नाव नाही, काही नाही.

मला वाटलं, बाई बोलली तसली, पण तिला कळलं माझं. मी गोळी देवासमोर धरून खाल्ली. रोज खाल्ली. रात्री नवरा जवळ आला तर पहिल्यांदाच बिनघोर राहिले. पुडी संपली तशी सासूकडनं दुसरी मागवली.

पाळीची तारीख उलटून गेली.

गोळ्यांनी मागंपुढं होत असेल म्हणून थांबले. मग सकाळी चहाच्या वासानं पोटात ढवळलं. हा वास मी दोनदा ओळखला होता. चुलीपुढं बसले होते तिथंच माझे हात गार पडले. परत ते थंड पाय, परत ते झोपू नको, झोपू नको. थोरली सांगत होती, "आई, दूध उतू गेलं."

मी पुडी कनवटीला लावली आणि दवाखान्यात गेले. पुढनं. खुर्चीवर बसले. नंबरवाली पोरगी म्हणाली, "मागनं..."

"मी पेशंट हाय. नंबर लाव."

आवाज माझाच होता. मी पदर मांडीवर दाबून धरला. पोरगी आत गेली. मॅडमच बाहेर आल्या.

"काय चाललंय?"

मी पुडी पुढं केली. "ह्या गोळ्या कशाच्या?"

"घरी जा. सासूकडं निरोप देते."

"मला सांगा. मी खाल्ल्यात. आत घ्या, दार लावा आनि मला सांगा."

सगळ्या बायका बघत होत्या. मॅडमनी मला आत घेतलं. पहिल्यांदाच मी ती खोली बघितली. तपासायचा पलंग, त्याच्याभोवती हिरवा पडदा. इतकी वर्षं हा पडदा इथं होता.

"ताकदीच्या आहेत," त्या म्हणाल्या. "बी कॉम्प्लेक्स. अंगात रक्त नाही तुझ्या."

"आनि मी मागितलं ते?"

"ते असं देता येत नाही. नवऱ्याला घेऊन ये. उद्या मुलगा झाला नाही म्हणून तुमची माणसं माझ्या दारात येतील."

मी म्हणाले, "मला दिवस गेल्यात."

त्यांनी दाराकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी कुठं म्हटलं होतं त्या गोळ्या त्यासाठी आहेत म्हणून?"

खरं होतं. कुणीच काही म्हटलं नव्हतं. मला सांगण्याजोगी कुणी समजलंच नव्हतं.

मी पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. "न्हाई द्यायचं तर न्हाई म्हणायचं हुतं तोंडावर. मी दुसरीकडं गेले असते. तुमच्या घरात भांडी माझी सासू घासते. माझं अंग तुमच्याकडं कामाला न्हाई."

"बाहेर हो," त्या म्हणाल्या. "आणि सासूला सांग, उद्यापासून येऊ नको."

घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. ती मला खूप बोलली. माझ्या आईबापाचा उद्धार केला. पण सकाळी मी एसटीला निघाले तेव्हा तिनं धाकटीला माझ्या कडेवरनं काढून घेतलं आणि तोंड फिरवून उभी राहिली.

कोल्हापूरच्या त्याच सरकारी दवाखान्यात गेले. पायरीवरच घाम फुटला. तिथल्या सिस्टरनं आधी पडदा ओढला, मग विचारलं. मी सगळं सांगितलं, पांढरं जातंय तेसुद्धा. लघवी तपासली. दिवस होते. मी विचारलं, "नवऱ्याची सही लागंल?"

"तुमची लागते. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी रडले, आणि हे मूल नको म्हणून सांगितलं. डॉक्टर बाईनं तपासलं, काय करणार ते सांगितलं, रक्ताची बाटली तयार ठेवते म्हणाली. तरी मी भ्याले. डोळे मिटायला भ्याले. पोरींची नावं मनात घोकत राहिले. संपलं तेव्हा पायांना हात लावून बघितला. गरम होते.

नंतर सिस्टरनं गोळ्या, इंजेक्शन, तांबी, एकेक समजावलं, प्रत्येकाचा त्रासही सांगितला. मी तांबी निवडली. आजाराचं औषध दिलं आणि म्हणाली, "हे नवऱ्यानंही घ्यायचं. नाहीतर पुन्हा होणार."

म्हणजे सांगणं आलं. मी जेवणाच्या ताटाशेजारी गोळ्या ठेवल्या आणि सांगितलं. सगळं. तो ताटावरनं उठला. गोळ्या मात्र एके सकाळी जागेवर नव्हत्या. खाल्ल्या की फेकल्या, मी विचारलं. म्हणाला, "खाल्ल्या." माझा अजून पुरता विश्वास नाही.

सासू आता उसात तण भांगलायला जाते. गुडघे सुजतात. परवा नंबरवाली पोरगी घरी आली. मॅडमचा निरोप होता. सुनेनं येऊन चूक झाली म्हणावं, मावशीचं काम परत सुरू करू.

पोरगी गेल्यावर सासू माझ्याकडं बघत बसली.

"दोन शबूद तर हाईत," ती म्हणाली.

"आत्ती, मी जाणार न्हाई."

"माझ्यासाठी बी न्हाई?"

तिचे गुडघे मला दिसत होते. कोपऱ्यात थोरली धाकटीला मांडीवर घेऊन, अभ्यास थांबवून ऐकत होती.

"तुमच्यासाठी बी न्हाई. तुमचे पाय मी रोज चेपीन, तुमच्या वाटणीचं भांगलायला मी जाईन. पर चूक झाली म्हणणार न्हाई."

सासू उठून आत गेली. त्या दिवसापासनं ती माझ्याशी तुटक बोलते. पुढंही बोलेल. मॅडमचा निरोप परत येईल, नवराही कधीतरी त्यांच्याच बाजूनं बोलेल, आणि मी प्रत्येक वेळी भिणार, हे मला ठाऊक आहे. माझ्या अंगाबद्दल मी विचारलं, ती चूक नव्हती. ते दोन शब्द माझ्या तोंडातनं कुणालाही मिळणार नाहीत.