विषय : कुंभारवेशीवरील बाईस ओळखत असल्याबाबत

मा. संपादक व सुज्ञ वाचक यांस सादर —

तक्रारदार : मधुकर दगडू शेलार, राहणार धायरी, व्यवसाय अर्जनवीस.
ठिकाण : कुंभारवेस, कसबा पेठ, पुणे.
वेळ : संक्रांतीनंतरचा रविवार. सकाळ. ऊन चांगले वर आलेले होते. अंधार, धुके, निर्जन जागा यांपैकी तेथे काहीही नव्हते, हे प्रथमच नमूद करतो.
साक्षीदार पहिला : माझी कन्या मृणाल, हिंजवडीस संगणक कंपनीत नोकरीस. तिने काही पाहिले नाही, असे तिचे म्हणणे.
साक्षीदार दुसरा : तिचा सहकारी अमोल, मूळचा वर्ध्याकडचा. याने जे सांगितले ते तोंडी सांगितले. सही करण्यास नकार.
विरुद्ध पक्ष : सदर खेळ भरविणारी इव्हेंट कंपनी. नाव देत नाही. नोटीस दिल्याशिवाय मी कोणाची बदनामी करत नाही.
आणखी एक व्यक्ती : एक बाई. नाव उपलब्ध नाही. सगळा वाद तेवढ्यापुरताच आहे.

आता हकीकत. या सदरात येणारे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाची मोटारसायकल घाटात आपोआप बंद पडते... वाचावे आणि पान उलटावे. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी कागदाशी माझा संबंध पदवीधरांहून अधिक आलेला आहे. सरकारी कचेरीबाहेर माझे टेबल आहे. ज्याला पुरावा नाही ते घडलेले नाही, या तत्त्वावर माझे घर चालले. म्हणूनच मला मिळालेल्या वागणुकीचा संताप अधिक आहे.

मृणालच्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी 'जुन्या पुण्याची कोडी' असा खेळ ठेवला होता. हातात एक कोड्याची चिठ्ठी द्यायची, ते सोडवले की पुढच्या जागेचा पत्ता कळणार, तिथे पुढचे कोडे. पेशवाईच्याही आधीचे, म्हणजे कोट आणि वेशी होत्या तेव्हाचे कसबे पुणे लोकांना पायी फिरून कळावे, असा उद्देश. घरातले एक माणूस सोबत आणण्याची मुभा होती. माझी पत्नी म्हणाली, "मी काय गल्ल्या मोजत फिरू? तुम्ही जा. तुम्हाला सगळं येतंच." त्यातला टोमणा मी दुर्लक्षिला आणि गेलो.

कसबा गणपतीच्या देवळापासून सुरुवात झाली. तांबट आळीच्या तोंडाशी आयोजकांनी एक माणूस उभा केला होता. डोक्याला मुंडासे, पाठीवर पाण्याची कातडी पखाल, आणि पायांत पांढरे स्पोर्ट शूज. त्याने "रामराम मंडळी" म्हणून पुढची चिठ्ठी दिली. मी त्याला म्हणालो, "पखालवाल्याला हे जोडे कुठल्या बादशहाने दिले?" तो म्हणाला, "काका, सहा वाजल्यापासून उभा आहे, पाय बघू नका."

हा तपशील महत्त्वाचा आहे. आयोजकांनी वाटेवर पोशाख घातलेली माणसे उभी केली होती, हे यावरून सिद्ध होते.

पुढची चिठ्ठी आम्हाला कुंभारवेशीवर घेऊन गेली. पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको की तिथे आता कुंभारवेस म्हणजे फक्त नाव आहे. वेस नाही, दरवाजा नाही, तटाचा दगड नाही. पंक्चरचे दुकान, लावून ठेवलेल्या गाड्या, एक भिंत आणि रहदारी. चिठ्ठीत लिहिले होते — नाव उरले, दार गेले. अंधार पडल्यावर इथे वाटसरूला अडवत. अडवणारा पहिला प्रश्न कोणता विचारी?

"कोण आहे रे तिकडे, असंच काहीतरी असणार," मृणाल म्हणाली.

"इतकं सोपं नसंल," अमोल म्हणाला. "कोनी जुनं मानूस पाहू, विचारून येऊ."

माझा गुडघा दुखत होता. ते दोघे चौकशीला गेले आणि मी भिंतीलगतच्या एका दगडी ओट्यावर बसलो.

तिथे ती बाई आधीच बसलेली होती. वय तिशीचे. नऊवारी, पण आपल्या नाटकांतून नेसतात तशी नाही. आखूड, विटक्या रंगाची, गुडघ्यापाशी फाटलेली जोडून दंड घातलेली. पाय अनवाणी, टाचा भेगाळलेल्या, भेगांत माती. पुढ्यात एक पाटी, वर फडके. पखालवाल्याचे जोडे पाहून आलेल्या मला या कामाचे कौतुकच वाटले.

तिने मला विचारले, "सायेब, येस उघडली का?"

"येस नव्हे, वेस," मी म्हणालो. अशुद्ध मला सोसत नाही.

"बरं, वेस. उघडली का?"

आता खेळात भाग घ्यायचा तर नीट घ्यावा. मी म्हणालो, "वेस तर दिसत नाही बाई. कुठे जायचे आहे?"

"आत. कवाधरनं बसलीया. आतलं म्हनत्यात, वळख कुनाची?"

"म्हणजे?"

"म्हंजी आत वळखीचं मानूस लागतं. त्यानं म्हनावं, हिला मी वळखतो. मंग सोडत्यात. माझ्या वळखीचं आत कुनी न्हाई."

वाचकहो, इथे मला माझा धंदा सांगितला पाहिजे. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते — 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो.' त्याखाली ओळख देणाऱ्याची सही लागते. ती नसेल तर स्वतः समोर उभा असलेला माणूससुद्धा कचेरीच्या लेखी तो माणूस ठरत नाही. परगावाहून आलेले कितीतरी लोक त्या एका ओळीपाशी अडलेले मी पाहिले आहेत. अशा वेळी सही मी करतो. म्हणून ज्याने कोणी हा नाट्यप्रवेश लिहिला त्याला मनात दाद दिली. जुन्या पुण्यात आणि आमच्या कचेरीत फरक नाही, हे त्याने बरोबर हेरले होते.

मी सवयीने विचारले, "नाव काय तुमचे?"

"नाव कशाला? नावाला कोन इचारतंय. वळख लागती."

"काम फार छान करता तुम्ही," मी म्हणालो.

"काम मिळालं तर करीनच की. आत गेल्याबिगर कुठलं काम?"

मी हसलो. ती हसली नाही. तेवढ्यात पाटीवरचे फडके हलले. वारा नव्हता. बाईने त्यावर हात ठेवला, तसे ते थांबले. मी नजर दुसरीकडे वळवली. का वळवली, ते मला सांगता येत नाही.

"तुमी सांगा ना आत," ती म्हणाली. "वळखतो म्हना. येवढं एकच म्हना. दिस बुडायच्या आत."

"सांगतो," मी म्हणालो. समोरून मृणाल हाक मारत होती. मी उठलो आणि आपण कोणाचाही निरोप घेताना म्हणतो तसे म्हणालो, "येतो."

"या," ती म्हणाली. "हितंच हाय मी."

एवढे घडले. यात भीतिदायक असे काहीही नाही. मी रस्ता ओलांडून मुलीकडे गेलो आणि सांगितले की उत्तर मिळाले, लिही : 'ओळख कुणाची?'

"कुणी सांगितलं?"

"त्या बाईने. ओट्यावरच्या."

दोघांनी माझ्या मागे पाहिले. मग एकमेकांकडे पाहिले. अमोल हळूच म्हणाला, "काका, तुमी त्या भिंतीशी बोलून रायले होते." मी वळून पाहिले. ओटा होता. ओट्यावर कोणी नव्हते. बाई उठून गेली असणार, असे मी म्हणालो; त्यावर मृणालने माझा हात धरला. याआधी तिने माझा हात कधी धरला होता ते मला आठवत नाही, इतक्या वर्षांनी धरला. मला ते आवडले नाही.

खेळ संपल्यावर सर्वांना एका सभागृहात बसवून उत्तरे वाचण्यात आली. बाकी सगळ्या गटांनी 'कोण आहे' असे लिहिले होते. फक्त आमचे 'ओळख कुणाची'. आयोजकांतर्फे निहार नावाचा एक तरुण होता, हातात माइक, गळ्यात ओळखपत्र. त्याने बंद पाकिटातले उत्तर काढले आणि वाचता वाचता थांबला. आमचे उत्तर अक्षरशः तेच होते. टाळ्या पडल्या पाहिजेत की नाही? त्याऐवजी त्याने विचारले, "सर, हे तुम्हाला कुठून मिळालं? हे आमच्या कंटेंट टीमशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

मी सांगितले, आपल्या बाईने सांगितले.

"कुठली बाई?"

"कुंभारवेशीवर बसवलेली. पाटीवाली."

"सर, कुंभारवेशीवर आम्ही कुणालाच ठेवलं नव्हतं. आमचा एकच आर्टिस्ट होता. पखालवाला."

मागून कोणीतरी हसले. मग निहारने खालच्या आवाजात कंपनीच्या माणसाशी काही बोलून घेतले आणि आमच्या गटाला बाद केले. कारण : उत्तर फुटले असावे. मृणालच्या साहेबांच्या समोर, तिच्या बरोबरीच्या लोकांच्या समोर.

आता माझे साधे म्हणणे ऐकावे. उत्तर फुटले असेल, तर ते मला कोणीतरी सांगितले, म्हणजे बाई होती. आणि बाई नव्हती असे असेल, तर उत्तर फुटलेच नाही, मग आम्ही बाद कसे? एक तर मला लबाड म्हणा, नाहीतर वेडा म्हणा. एकाच माणसावर दोन्ही कलमे एकाच वेळी लावता येत नाहीत. हे मी तिथेच उभे राहून सांगितले. निहार म्हणाला, "सर, इट्स जस्ट अ गेम."

लबाडीचा आरोप ऑफिसात राहिला. वेडेपणाचा माझ्या घरी आला. रात्री जेवताना मृणाल म्हणाली, "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या. नुसतं दाखवायचं."

"मी बाई पाहिली म्हणून?"

"तुम्ही हात जोडून बोलत होतात. भिंतीशी. मी बघितलं ना. आणि आता टेबलही बंद करा. लोक तुमच्या सहीवर कागद करतात. उद्या कुणी म्हणालं, की अर्ज लिहिणारा माणूसच..."

पत्नीने आमटी वाढली. एरवी कशावरही बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिने एकही टोमणा मारला नाही, त्यावरून काय ते मी समजलो.

ज्याने आयुष्यभर इतरांसाठी 'सदर व्यक्ती शुद्धीवर असून' असे लिहिले, त्याच्याविषयी त्याच्याच घरात हे वाक्य लिहायला कोणी तयार नाही. टेबल गेले तर पोट उपाशी राहणार नाही. मुलगी कमावती आहे. पण मग मी म्हटलेले 'ओळखतो' कोण ग्राह्य धरणार?

दुसऱ्या दिवशी अमोलचा फोन आला. कंपनीच्या बसमधून बोलत असावा, मागे गोंगाट होता.

"काका, बाई मले नाही दिसली. आईशप्पत. पन लेकरू रडत होतं तिथं."

फडके हलले ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नव्हती. मृणालला नाही, आयोजकांना नाही, घरी नाही.

"मले वाटलं, कोनाच्या घरात असंल. मंग पाह्यलं तर तिथं घरच नाही. नुसत्या गाड्या लावेल होत्या. काहून असंल काका?"

"हे मला लिहून दे. सही कर."

"लिहून नको काका. अप्रायझल आहे माझं."

असा साक्षीदार. कचेरीच्या बाहेर सगळे खरे बोलतात आणि आत गेल्यावर 'मला आठवत नाही'. निदान याने आत जाण्याआधीच सांगितले.

त्यानंतर मी दोनदा कुंभारवेशीवर जाऊन आलो, दोन्ही वेळा सकाळी. ओट्यावर बसलो. पंक्चरवाल्याला विचारले, इथे पाटी घेऊन बाई बसते का. तो म्हणाला, "इथं बसायला कुणी येत नाही साहेब, फक्त गाड्या लावायला येतात." बाई दिसली नाही. मी भिंतीकडे तोंड करून, कोणी पाहत नाही असे बघून, 'हिला मी ओळखतो' असे म्हणूनही पाहिले. मग लक्षात आले की ऐकणारा कोण, हेच मला माहीत नाही. साक्ष ज्याच्यापुढे द्यायची तो हजर नसेल, तर ती साक्ष होत नाही, ती बडबड होते. मग मृणाल म्हणते तेच खरे ठरेल.

सबब, विनंती खालीलप्रमाणे.

सदर बाई आयोजकांनी पगारी बसवली होती, असे असेल तर तसे स्पष्ट लिहून द्यावे. मला बक्षीस नको, माफी नको. तो कागद मी घरी जेवणाच्या टेबलावर ठेवीन आणि विषय संपवीन. वाचकांपैकी कोणी तिला ओळखत असल्यास त्यांनीही कळवावे.

आणि ती कोणाचीच नसेल, तर तेही कळवावे. कारण मी तिला 'येतो' म्हणून आलो आहे. आपण सगळेच निघताना तसे म्हणतो, 'जातो' म्हणणे अशुभ म्हणून. तिने तो शब्द खरा धरला. दिस बुडायच्या आत, असे ती म्हणाली होती. कोणता दिवस, ते मी विचारले नाही.

तिच्या वतीने अर्ज मी लिहून ठेवला आहे. पाटीतल्या लेकरासह आत घ्यावे, सदर बाईस मी व्यक्तिशः ओळखतो, खाली माझी सही. माझी सही आजही चालते. फक्त वरची 'प्रति' ही जागा कोरी आहे. कुंभारवेस उघडण्याचा अधिकार सध्या कोणाकडे आहे, ते ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कृपया कळवावे.

कळावे,
आपला,
मधुकर दगडू शेलार
अर्जनवीस