माझ्या आराखड्यावरची पहिली गाडी

यंत्र नीट चालले की त्याविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही. आमच्या चौघांच्या मंडळापाशी सांगण्यासारखे पुष्कळ साठले आहे, यावरून वाचकांनी काय ते ओळखावे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. जुन्या मोटारसायकलचे इंजिन उतरवून तेथे बॅटऱ्या आणि विजेची मोटार बसवायची, हा आमचा छंद. मूठ पिळावी तशी मोटारीला कमी-अधिक वीज देणारा कंट्रोलर प्रत्येकाने घरीच बनवायचा आणि त्याचा आराखडा इतरांना मोकळेपणाने द्यायचा. नियम एकच: ज्या आराखड्यावर गाडी चालली, तोच उतरवून घ्यायचा.

मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वसाहतीतील निवृत्त भांडारपाल. वाचनालयातील पुस्तकांवरून इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. माझा आराखडा पट्टीने आखलेला आणि निर्दोष होता. परंतु हात थरथरत असल्यामुळे कथलाचा डाग देऊन तारा जोडणे मला जमत नसे. दोन वर्षे त्यावर गाडी झाली नाही. कोणीतरी तो एकदा बांधावा, एवढीच माझी इच्छा होती.

*

राजुऱ्याचे बंडूभाऊ टीव्ही दुरुस्त करीत. त्यांनी माझा आराखडा काचेत मढवून दुकानात लावला. मी भारावून विचारले, “बांधणार काय?”

“नाई भाऊ. गिऱ्हाईकाले दुकान शिकलेलं वाटते.”

*

बंडूभाऊंचा स्वतःचा आराखडा मात्र एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या जागेत काढलेला होता. तो आमच्या वसाहतीतील फिटर कापगते यांनी उतरवला आणि ११.४२ ओहमचा रेझिस्टर शोधत पंधरा दिवस चंद्रपूर पालथे घातले. अखेर राजुऱ्याला जाऊन त्यांनी विचारले, “तुमाले हा भेटला कुठी?”

बंडूभाऊंनी पत्रिका निरखून पाहिली. “हा मुहूर्त हाय बे. लगन लागून गेलं.”

*

कापगते यांची गाडी पुढे तयार झाली. वननाक्यावर रक्षकाने त्यांना अडवले.

“गाडी बंद करा.”

“बंदच हाय, साहेब.”

“मंग आली कशी?”

कापगते यांनी अर्धा तास समजावले. रक्षकाने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि नाका ओलांडेपर्यंत गाडी ढकलत न्यायला लावली.

*

चौथे मडावी. धानोऱ्याकडच्या जंगलातील गावी त्यांची धानाची शेती. एके दिवशी ते बंडूभाऊंच्या दुकानात स्टुलावर उभे राहून काचेतला माझा आराखडा वहीत उतरवताना दिसले.

“नियमाचे काय?” मी विचारले.

“बाकीच्यायचं अक्षर वाचता नाई येत, भाऊ.”

त्यानंतर तीन महिने त्यांचा निरोप नव्हता. मला झोप लागेना. निर्दोष आराखडाही जळू शकतो, असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. तथापि तशी शंका मनात येऊ लागली होती.

*

धानाची कापणी आटोपल्यावर मडावी बसने राजुऱ्याला आले. आम्ही तिघेही दुकानात होतो. मी पुढे होऊन विचारले, “जळले काय?”

“काई नाई जळलं.”

“मग गाडी किती किलोमीटर चालली?”

“आंगनातच उभी हाय.”

मी खुर्चीवर बसलो. मडावी म्हणाले, “यंदा वारा पडला, भाऊ. दिवसा लाईन राहत नाई. धान खळ्यावर तसंच पडून. मंग गाडी स्टँडवर लावली, मागचा टायर काढला, रिमवर पट्टा चढवला अन् उफणायचा पंखा जोडला. मूठ जराशी पिळली का बारीक हवा. एक दाना उडत नाई. आता पुऱ्या गावाचं धान उफणून राह्यलो.”

“आणि मोटारसायकल?”

“बायको सोडूच नाई देत. फिराले बस हाय म्हणते.”

मी त्यांना समजावून सांगितले की, हा आराखडा चढ, वळण आणि दोन माणसांचे वजन यांचा विचार करून आखलेला आहे; पंखा हा त्याचा हेतू नव्हे. मडावींनी आदराने मान हलवली.

तोवर कापगते आणि बंडूभाऊ कागद घेऊन माझा आराखडा उतरवायला बसले होते. दोन वर्षांनी का होईना, गुणांची पारख झाली, असे मी म्हणालो.

बंडूभाऊ मान वर न करता म्हणाले, “गाडीचा माझाच चालून राह्यला, भाऊ. हा पंख्याचा घेऊन राह्यलो.”