मावशीची सोबत

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी पांढुर्ण्याच्या कचेरीत खसऱ्याची, म्हणजे शेतीच्या उताऱ्याची, नक्कल काढत बसले होते. समोरच्या खिडकीत एक शेतकरी उभा होता. त्याचे ओठ हलत होते, आणि त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. माझे हात टेबलावर होते, पण ते माझे वाटत नव्हते. मग छाती धडधडायला लागली, तळव्यांना घाम फुटला, आणि मला स्वच्छ कळलं की मी आता मरणार आहे. त्या क्षणी भीती वाटली त्यापेक्षा नवल जास्त वाटलं. नक्कल अर्धीच राहिली, एवढंच मनात आलं.

मेले नाही. वीस मिनिटांनी दवाखान्यातल्या खाटेवर ईसीजीची पट्टी निघाली ती नॉर्मल. एका डॉक्टरनं गॅस सांगितला. दुसऱ्यानं कमजोरी म्हणून बाटली लावली. मी सलाईनचे थेंब मोजत पडून राहिले. थेंब इतके सावकाश पडत होते की दोन थेंबांच्या मधे मला एक डुलकी येऊन जाई.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा माझी बदली तिकडं झाली होती. घर सौंसरलाच. रोज सकाळची बस, संध्याकाळची बस. पहिलं वर्षभर काही झालं नाही, मग कचेरीतला तो प्रकार. दिवाळीनंतर मात्र बसमध्ये तेच झालं. खिडकीबाहेरची झाडं चपटी दिसायला लागली, कागदावर काढल्यासारखी. माझा श्वास पुरेना. मी उठले, दांडा धरून ओरडले, "थांबवा, थांबवा." कंडक्टरनं शिट्टी मारली, आणि मी वाटेतल्या एका फाट्यावर उतरले.

ती सकाळ मला अजून स्वप्नासारखी आठवते. बस गेली. आवाज गेला. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, आणि वर दुधाळ आभाळ. कुठं शेत संपतं आणि कुठं आभाळ लागतं ते कळत नव्हतं. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले. पाच मिनिटांत छाती शांत झाली. इतकं हलकं वाटलं की मी तिथंच झोपले असते.

तिथंच चूक झाली, पण ते मला पुढं कळलं. उतरले आणि बरं वाटलं, म्हणून बस वाईट, असं माझ्या अंगानं ठरवून टाकलं. बाईला पटो न पटो, अंगाला पटलं की संपलं. दुसऱ्या दिवशी बसच्या पायरीवर पाय ठेवताच धडधड सुरू.

"एकटी जाऊ नको," नवरा म्हणाला. त्याच्याकडं संत्र्याची बाग, तो रोज कुठून येणार? मग आमच्या गल्लीनं नेहमीप्रमाणं निकाल लावला. आमच्याकडं आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत. ताप असो, बाळंतपण असो, कोणी ना कोणी सोबतीला बसतंच. पलीकडच्या घरातली मावशी साठीची, हातपाय अजून लाकडासारखे टणक. ती दारात येऊन "जयभीम" म्हणाली आणि लगेच मुद्द्यावर आली.

"सूनबाई, उद्यापासून मी येतो तुझ्यासंग."

"मावशी, कापूस वेचायचे दिवस आहेत तुमचे."

"कापूस काय पयून चालला? तू पयून चालली. बसमधून उड्या मारून राहिली म्हणे."

तेव्हापासून रोज मावशी. बसमध्ये माझ्या शेजारी, माझं मनगट धरून. कचेरीत बाहेरच्या लिंबाखाली, सुपात तूर पाखडत. मला खिडकीतून तिचं लुगडं दिसायचं, आणि ते दिसतंय तोवर मी ठीक असायचे. ती पाणी प्यायला गेली की माझी लेखणी थांबायची. महिन्याभरात शेतकरी तिलाच विचारायला लागले, अर्ज कुठं द्यायचा, फोटो किती लागतात. तीही सांगायची. एकदा तर ती एकाला दटावत होती, "बारा वाजता येऊन राहिले तुमी? साहेब जेवाले जाते ना एक वाजता!" कचेरीतले लोक तिला मोठ्या मॅडम म्हणायला लागले.

हसण्यासारखंच होतं. पण डिसेंबर गेला, जानेवारी आला, आणि माझं जग लहान होत गेलं. आधी बस एकटीनं जमेना. मग बाजार. मग आमच्याच मोरीत दार लावून आंघोळ जमेना, मावशीला दाराशी बसावं लागे. तिची वेचणी बुडाली ती बुडालीच. मी बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, आणि मला साठीच्या बाईच्या पदराला धरून मोरीत जावं लागत होतं. एका रविवारी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून काढला. अक्षर चांगलं आलं होतं. तो पर्समध्ये ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "महिन्याच्या शेवटी देते."

त्यानं पर्स उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आधी नागपूरले तं दाखव. छातीच्या नाही, डोक्याच्या डॉक्टरले."

"मी वेडी आहे का?"

"वेडी असती तं इतका चांगला अर्ज लिहिला असता का?"

नागपूर येईपर्यंत बसमध्ये मी मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून होते. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, केस बारीक कापलेली बाई. तिनं आधी थायरॉइडची तपासणी लिहिली, हृदयाचे कागद नीट पाहिले, आणि मग विचारायला लागली. झोप किती? चहा किती? घरात कोणाला असं होतं का? मी सांगितलं, माझे वडील बंद खोलीत कधी बसले नाहीत. लग्नातसुद्धा मांडवाच्या कडेला, निघायची वाट दिसेल असे बसायचे. आम्ही त्याला त्यांचा स्वभाव म्हणायचो.

"एकच कारण नसतं," ती म्हणाली. "थोडं रक्तातलं, थोडं स्वभावातलं, थोडं बदली, धावपळ, कमी झोप. शरीरात धोक्याची घंटा असते. तुमची घंटा विनाकारण वाजते आहे. आवाज खरा आहे, धोका नाही."

मग तिनं गोळी लिहिली. रोज एक, गुण यायला काही आठवडे लागतील, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. चहा कमी. श्वास सावकाश सोडायचा. मी सगळं वहीत उतरवलं. आणि मग ती मावशीकडं वळली.

"आणि मावशी, तुम्ही हळूहळू सोबत जाणं बंद करायचं."

मावशीनं ऐकलं नाही असं वाटून डॉक्टरनं पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी कोणी धरायला असलं की यांच्या मनाला एकच धडा मिळतो, की धरलं म्हणून वाचले. न धरताही वाचते, हे यांना कधी कळतच नाही.

परतीच्या बसमध्ये मावशीनं माझं मनगट धरलं नाही. सौंसरला उतरल्यावर म्हणाली, "म्हंजे मीच बिमारी होतो का तुयी?"

 उत्तर गल्लीतल्या दुसऱ्या बायांनी दिलं. "शयरातल्या डॉक्टरीननं सांगतलं, आता आमी परके झालो बाप्पा." आठ दिवस मावशी माझ्या दाराकडं फिरकली नाही. नवव्या दिवशी आली आणि म्हणाली, "वही काढ. काय काय लिहिलं ते वाच." मी वाचलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. पहिला आठवडा ती बसमध्ये मागच्या सीटवर. दुसरा आठवडा स्टँडपर्यंतच. तिसऱ्या आठवड्यात गल्लीच्या तोंडापर्यंत. फोन करायचा नाही, तिनं नाही, मीही नाही. मोरीबाहेर बसणं त्याच दिवसापासून बंद.

पहिल्या आंघोळीला मी अर्ध्या बादलीत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी बादली संपवली. हे प्रगतिपत्रकात लिहिण्यासारखं नाही, पण मी वहीत लिहिलं.

तिसरा आठवडा लागला तेव्हा बागांना बहर आला होता. सौंसर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याची फुलं, आणि तो वास इतका दाट की बस त्यातून पोहत जाते असं वाटावं. मी एकटी, खिडकीशी. तो फाटा जवळ आला तशी झाडं पुन्हा चपटी झाली. बोटं मुंग्यांनी भरली. छाती धडधडत सुटली. दांडा समोरच होता.

मी घड्याळात पाहिलं. नऊ वाजून चार मिनिटं. ये, म्हटलं, काय करायचं ते कर. मी बसून राहते. फाटा आला. कोणी उतरलं, कोणी चढलं. माझे पाय उठायला निघाले होते, मी त्यांना तिथंच ठेवलं. भीती चढत गेली, चढत गेली. आता याच्या वर जागा नाही असं वाटलं तिथंही थोडी जागा होती. मग काही केलं नाही तरी ती उतरायला लागली, पूर ओसरतो तशी, आधी काठ दिसावा, मग घाटाच्या पायऱ्या. नऊ वाजून सोळा मिनिटांनी शेजारच्या बाईच्या मांडीवरचं बाळ पुन्हा गोल, भरीव, शेंबडं दिसायला लागलं. मी घामानं भिजले होते. बाळ माझ्याकडं बघत होतं. बाहेर पांढुर्ण्याची पहिली दुकानं लागली होती.

बरी झाले असं मी म्हणत नाही. गोळी अजून चालू आहे. कधीमधी घंटा वाजते, आणि मी तिला वाजू देते. अर्ज द्यायची तारीख कधीच उलटून गेली, तो कागद आता पर्सच्या तळाशी चुरगळला आहे.

सोबतीचे तीन आठवडे संपले, त्या सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा मावशी अंगण झाडत होती. हरभरा सोंगायला जायची तिची घाई होती, विळा उंबऱ्यावर ठेवलेला. तिनं मान वर केली नाही.

"जाऊन राहिली का?"

"हो."

"जा मंग," ती म्हणाली, आणि कचरा माझ्या पायांच्या पुढून दुसरीकडं लोटला, मला वाट मोकळी व्हावी म्हणून.